खिळ्यावरची कढई

मुलगा विजयसिंह गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी सत्यशीलाबाईंनी स्वयंपाकघरातली मोठी कढई घासली, पुसली आणि मोरीजवळच्या खिळ्याला टांगून ठेवली. वर्ष होईपर्यंत घरात तळण नाही. घाटनांदुरात हा रिवाज सगळेच पाळतात, पण पाळता पाळता त्यातून पळवाटाही काढतात. कोणी सहा महिन्यांतच वर्षश्राद्ध ओढून घेतं, कोणी पापड म्हणजे काही तळण नव्हे असं आपलं आपणच ठरवून टाकतं. सत्यशीलाबाई त्यातल्या नव्हत्या. पाडव्याला शेजारच्या बायनाबाईनं रीतीप्रमाणे ताट आणून दिलं, त्यातल्या कुरडया-भजीसुद्धा बाईंनी गड्याच्या पोरांना वाटून टाकली.

वैशाखात धाकटे दीर विठ्ठलराव येऊन बसले. सोसायटीचे चेअरमन, चार गावच्या भांडणात मध्यस्थी करणारा माणूस. त्यांच्या लेकीचं, वनमालाचं लग्न दिवाळीनंतर काढायचं चाललं होतं.

"वैनी, वर्ष जरा अलीकडं ओढून घेतलं तर बरं हुईल," ते म्हणाले. "भटजी बी चालतंय म्हणतेत."

"न्हाई," बाई म्हणाल्या.

विठ्ठलरावांनी आणखी दोन कप चहा घेतला आणि दुष्काळ, पाणी, पोरांची शाळा असं सगळं बोलून झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तरही तेच मिळालं. चार गावं वळवणारा माणूस चप्पल घालून निघून गेला.

धर्माचं एवढं वेड बाईंना कधीच नव्हतं. खरं तर पोरगा गेल्यापासून त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. रडूही आलं नव्हतं. कोणी म्हणालं, काळीज दगडाचं आहे, कोणी म्हणालं, धक्का बसलाय. त्यांचं त्यांना वाटे की आपण मांडी घालून फार वेळ बसल्यावर मेलेला पाय आहोत. चिमटा काढला तरी कळू नये असा. कढई खाली काढायची नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात उरली होती, आणि ती त्यांनी गच्च धरून ठेवली होती.

त्यातही कढईच का, तर तिचं आणि विजयसिंहाचं सूत फार जुनं. शाळेत असताना घरात करडीचं तेल तापलं की हा पोरगा जिथं असेल तिथून उगवायचा. पार वेशीपलीकडं खेळत असला तरी. दप्तर अंगणात, चप्पल दारात आणि स्वारी चुलीपुढं. "तुला सांगतंय कोण रे?" असं सुंदरराव, म्हणजे त्याचा बाप, हयात असताना हसून विचारायचे. "वास आला," एवढंच तो सांगायचा. डॉक्टर झाल्यावरही त्याची ही खोड गेली नाही. दवाखान्यात पेशंट बसवून घरी भजी खाऊन गेलेला हा तालुक्यातला एकटाच डॉक्टर असेल.

डॉक्टरकी शिकायला तो बिश्केकला गेला होता. सहा वर्षांनी आला तो डिग्री आणि बायको दोन्ही घेऊन. किर्गिझस्तान हे नाव गावाच्या तोंडात कधी बसलंच नाही, म्हणून ती 'रशियाची सून' झाली. तिचं नाव मीरिम. त्याची मीरा व्हायला एक दुपारही लागली नाही. पहिले काही दिवस बायका चहाच्या निमित्तानं तिला बघायला येत. नंतर त्यांनी तिला विहिरीवर गोधड्या धुताना पाहिलं आणि बघायचं थांबवून मदतीला बोलवायला सुरुवात केली. मराठी ती सासूकडूनच शिकली, त्यामुळं तिचं 'हाय' आणि 'न्हाई' अस्सल घाटनांदूरचं होतं.

तिला भाकरी थापता आली, खाताही आली. पण जीभ लवकर ऐकत नाही. कधी आंबट काळ्या पावाची आठवण यायची, कधी कुरुताची, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट गोळ्यांची. दवाखान्याला सुट्टी असली की विजयसिंह तिला मोटारसायकलवर घेऊन शोधाला निघायचा. अंबाजोगाई झाली, लातूर झालं, एकदा तर हैदराबादपर्यंत जाऊन आले. परदेशी माल मिळत नव्हता असं नाही. लातूरच्या एका चकाचक दुकानात काचेआड सगळं होतं, पण मुठीएवढ्या पाकिटाचा भाव बघून मीरा ते उलटंसुलटं करायची आणि जागेवर ठेवून द्यायची. फोनवरून मागवावं तर मालापेक्षा आणण्याचंच जास्त. मग नवराबायकोंनी गावातल्या मालातूनच परदेश उभा करायला घेतला. आंबट सायीच्या जागी श्रीखंडाचा चक्का आला. त्याच चक्क्यात मीठ घालून, गोळ्या वळून, गच्चीवर कडकडीत वाळवल्या की कुरुत तयार. बायनाबाईला ते सांडगे वाटले. तिनं एक तोंडात टाकला, मोठ्या मुश्किलीनं गिळला आणि पुढं महिनाभर गच्चीकडं बघितलंही नाही. तिकडं रोज शिजवतात ते तिकोनी बी मारवाड्याच्या दुकानात उपवासाच्या मालात सापडलं, कुट्टू नावानं. त्या दिवशी विजयसिंहानं अशा ऐटीत पिशवी घरी आणली की बघणाऱ्याला वाटावं खाण लागली.

जर्दाळू अंबाजोगाईत शफीच्या गाड्यावर मिळायचे. बसस्टँडच्या बाहेर त्याचा फळांचा गाडा होता आणि बहुतेक वेळ त्याची बायको हजराबीच त्यावर बसलेली असायची. बारके, आंबट, बियांसकटचे जर्दाळू कोणी घेत नाही. ते शफी मीरासाठी बाजूला काढून ठेवायचा आणि पडेल भावात द्यायचा. मीराला नेमके तेच हवे असत.

सणासुदीला ती बोरसोक करायची. मैद्याचं फुगवलेलं पीठ लाटून, चौकोनी कापून तळायचं. "हे तर फुगलेले शंकरपाळे," असं सत्यशीलाबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं. तेल तापलं, पहिला घाणा सुटला की मीरा डोळे मिटून कढईपुढं थोडा वेळ उभी राहायची. बाईंना वाटायचं, पोरगी तेलाला भिते.

पौषात एका संध्याकाळी विजयसिंह अंबाजोगाईहून परत येत होता. पुढं उसाची ट्रॉली होती आणि तिला मागं दिवा नव्हता.

त्यानंतर घरात दोघीच राहिल्या. मीरा सगळी कामं करायची, फक्त धड जेवायची नाही. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि तो ताटातच ठेवून उठायची. चहा तेवढा प्यायची, तोही मीठ घालून. तिच्या बांगड्या हळूहळू कोपराकडं सरकायला लागल्या. तिच्या आईचा रोज फोन यायचा. पडद्यावर रुमाल बांधलेली एक बाई बोलत राहायची आणि मीरा ऐकत राहायची. बाईंना त्यातला शब्द कळत नव्हता, पण अर्थ कळायचा. आपली लेक अशी परमुलखात बसली असती तर आपणही तिला हेच म्हटलं असतं, ये घरी.

ती जाईल, ही भीती मात्र बाईंना वाटायची. बाकी सगळं मेलेलं असताना तेवढीच जिवंत होती. मीरा गेली की या घरात विजयसिंहाबद्दल बोलायला कोणी उरणार नव्हतं. त्याला झोपेत बडबडायची सवय होती, हे आता जगात दोनच माणसांना माहीत होतं.

मग बाईंनीच तो शोध सुरू केला. बसनं अंबाजोगाईला जायचं, मारवाड्याकडून कुट्टू आणायचा, शफीकडून जर्दाळू. भाच्याला सांगून फोनवरून काळ्या पावाचं पाकीट मागवलं. ते परदेशी पाकीट इतकं महाग होतं की भाच्यानं दोनदा विचारलं, मामी, नक्की ना. आलं ते वाळून खडंग झालेलं. मीरानं चहात बुडवून एक तुकडा खाल्ला आणि "चांगलं हाय, आई" म्हणाली. बाकीचा पाव डब्यात पडून राहिला. बाईंनी हे सगळं मायेनं केलं असं म्हणावं तर त्यांना माया अशी जाणवत नव्हती. विहिरीत बादली सोडावी आणि ओढावी, तसं चाललं होतं. ती इथल्या ताटावर जेवायला लागली की इथलीच राहील, एवढा हिशेब मात्र डोक्यात पक्का होता.

आणि अशात एका बुधवारी मीरा येऊन म्हणाली, "आई, कढई दे."

बाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर बघितलं. "कशाला?"

"उद्या तेल तापवायचं. बोरसोक."

सात महिने भाकरी धड न खाणाऱ्या पोरीला तळलेलं खावंसं वाटलं होतं. खरं तर बाईंना आनंद व्हायला हवा होता. झाला राग. किती तरी दिवसांनी काहीतरी वाटलं आणि ते नेमकं हे.

"वर्ष न्हाई झालं," त्या म्हणाल्या. "घरात तळण न्हाई. तुला म्हाईत हाय."

"थोडं, आई."

"थोडं बी न्हाई."

मीरा खिळ्याकडं बघत उभी राहिली. मग शेंगांची टरफलं गोळा करून बाहेर टाकायला गेली. बाईंच्या मनात आलं, माझं लेकरू जाऊन वर्ष व्हायचंय आणि हिला तळण सुचतंय. हे मनात आलं म्हणून त्यांना मागाहून वाईटही वाटलं. शेवटी पोटाची भूक आहे, तिला काय दोष द्यायचा. संध्याकाळी त्यांनी बाजारातल्या हॉटेलातून कागदात बांधून भजी मागवली. बाहेरचं तळलेलं चालतं, कढई आपल्या घरात चढता कामा नये.

मीरानं कागद उघडला, बघितलं आणि परत बांधला. "मला खायला न्हाई पाहिजे, आई," ती म्हणाली. पुढं सांगायला तिनं तोंड उघडलं, पण मराठी पुरली नाही. तिच्या भाषेत एक-दोन वाक्यं बोलून ती आत निघून गेली. बाईंना वाटलं, रुसली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मीरा एकटीच बसनं अंबाजोगाईला गेली आणि दिवेलागणीला रिकाम्या हातानं परत आली. कुठं गेलती, हे बाईंनी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

पुढच्या गुरुवारी जर्दाळू आणायला म्हणून बाई गाड्यावर गेल्या तेव्हा शफी मोसंबी उतरवून घेण्यात गुंतला होता. हजराबीनं त्यांना बसायला खोकं दिलं.

"तुमची बहू आलती मागल्या जुम्मेरातीला, गुरवारी," ती म्हणाली. "कढई मागाया."

बाईंच्या हातातली पिशवी मांडीवर तशीच राहिली. "तुमच्याकडं?"

"हां. म्हणली, तुमच्या घरी तेल तापवू का. म्या म्हणलं, तळ की बाई, त्यात काय पुसायचं. घरी घेऊन गेले तिला. मैदा भिजवला, गॅस पेटवला. आन् तेल टाकायच्या वक्ताला बसली खाली. न्हाई म्हणाली."

"कावून?"

हजराबीनं जर्दाळू तागडीत टाकले. "ती खान्यासाठी मागत न्हवती, भाबी. त्यांच्यात मानूस गेलं की जुम्मेरातीला तेल तापवतेत. वास काढतेत. गेलेल्याला अन्न पोचत न्हाई, वास पोचतो म्हणं. गेलेल्याच्या आत्म्याला अर्बाक म्हणली ती. आमच्यात अरवाह म्हणतेत, म्हणून मला उमगलं. सात महिने झाले, म्हणली, तो उपाशी हाय."

रस्त्यावरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. हजराबी तो जाईपर्यंत थांबली.

"मंग माझ्या घरी का न्हाई तळलंस, म्हणून पुसलं. तर म्हणली, तो इथं कसा येईल. त्याला हे घर म्हाईत न्हाई. तो त्याच्या घरी जाईल आन् तिथं वास नसंल." तिनं पिशवीचं तोंड बांधलं. "तिच्या भावानं तिकीट काढून ठिवलंय, हे तुमाला सांगितलं असंल तिनं."

"न्हाई," बाई म्हणाल्या.

"जायाचं हाय तिला. पर त्याला खाऊ घातल्याबिगर कसं जाऊ, म्हणली. म्हणून थांबलीय."

परतीच्या बसमध्ये बाईंना खिडकीजवळची जागा मिळाली. सोयाबीनची शेतं मागं जात होती आणि त्या बघत होत्या. तालुके पालथे घालून त्यांनी कुट्टू आणला, जर्दाळू आणले, परदेशातला वाळका पाव आणला. पोरीला हवं होतं ते मोरीजवळ टांगलेलं होतं आणि तिथं त्यांनीच टांगलं होतं. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, आणि ती आल्यावर त्या ताठ बसल्या. कढई खिळ्यावर आहे तोवर मीरा कुठं जात नाही. तिला ठेवून घ्यायला काही करायचंही नव्हतं. हजराबी बोलली ते ऐकलंच नाही असं धरायचं, वर्ष संपलं की आणखी काही कारण काढायचं. कोणी नावं ठेवली नसती, उलट रिवाज पाळणारी म्हणून वाहवाच झाली असती. ज्या फाट्यावर ट्रॉली उभी होती तो फाटा आला. एरवी तिथं त्या डोळे मिटून घेत. आज उघडेच राहिले. फाट्यावर काही नव्हतं, एक माणूस मक्याची कणसं भाजत बसला होता. सात महिने उपाशी, असं ती म्हणाली होती. वासावर येणारं लेकरू येऊन बघतंय आणि आईनं चूल थंड ठेवलीय.

घरी आल्यावर त्यांनी पाय धुतले, पाटावर चढल्या आणि कढई खाली काढली. तिच्यावर धुळीचा थर बसला होता. राखेनं घासताना आवाज ऐकून मीरा दारात आली.

"मैदा भिजव," बाई म्हणाल्या.

मीरा हलली नाही.

"आज गुरुवार हाय न्हवं? भिजव."

पीठ फुगायला वेळ लागला. शाळा सुटायच्या सुमाराला मीरानं पोळी लाटून चौकोन कापले आणि फडताळातून सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी काढली. बाईंनी ती तिच्या हातातून घेऊन परत ठेवली. खालच्या फळीवरचा डबा ओढला. घाण्याचं करडीचं तेल होतं, वर्षापूर्वीचं, पण झाकण घट्ट होतं.

"ह्याच्यातच," त्या म्हणाल्या. "त्याला हाच वास ठावका हाय."

मीरानं त्यांच्याकडं बघितलं. तिला कळलं की यांना कळलंय. तिनं डबा घेतला आणि कढईत तेल ओतलं.

तेल तापलं. पहिला घाणा सोडला तसे चौकोन वर येऊन टम्म फुगले. मीरा डोळे मिटून उभी राहिली, आणि या वेळी बाईही तिच्याशेजारी उभ्या राहिल्या. त्यांना वास येत नव्हता. पौषापासून त्यांना कशाचाच वास नीट येत नव्हता, हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

"येतोय का गं वास?" त्यांनी विचारलं.

"येतोय."

"बाहेर जातोय का?"

मीरानं जाऊन पुढचं दार उघडलं, मग मागचं, मग दोन्ही खिडक्या.

वास जात असला पाहिजे, कारण थोड्या वेळात बायनाबाई पदर सावरत दारात आली. तिनं कढई बघितली आणि तोंडावर हात ठेवला. "आक्का, वर्ष न्हाई झालं अजून. विठ्ठलरावाला न्हाई म्हणलीस आन् हे काय?"

"वर्ष हायेच," बाई म्हणाल्या. "हे त्याच्यासाठीच चाललंय."

बायनाबाईला काही उमगलं नाही. मीरानं ताटलीत गरम बोरसोक घालून तिच्यापुढं धरले. तिच्या मुलखात ते वाटायचे असतात. बायनाबाई क्षणभर घुटमळली, मग उंबऱ्यातच बसून तिनं एक खाल्ला. "शंकरपाळ्यावानी लागतंय," ती म्हणाली, आणि डोळे पुसत घरी गेली. बाईंनी तिच्या पाठीकडं बघितलं. शेजारणीला रडू येतं, आपल्याला येत नाही. असू दे.

"तिकीट कधीचं हाय?" त्यांनी झारा फिरवत विचारलं.

मीराच्या हातातला चौकोन हातातच राहिला. "पोळ्याच्या नंतर," ती म्हणाली.

"बरं."

शेवटचा घाणा निघाला. परात रिकामी झाली. अंगणात ऊन तिरपं झालं होतं, रस्त्यानं दप्तरं घेतलेली पोरं आरडाओरडा करत चालली होती. बोरसोक ताटात ठेवून मीरा गॅसपाशी गेली. तिचा हात बटणावर गेला आणि तिथंच थांबला. मोकळं तेल कढईत तापत राहिलं. दोघी उघड्या दाराकडं बघत होत्या.

मग बाई वळल्या. कोपऱ्यातला डबा त्यांनी ओढून घेतला आणि परातीत ओंजळीनं मैदा घातला.

"अजून हाय पीठ," त्या म्हणाल्या. "मळ."